स्प्रूसच्या पीट-बॉगमधला वनस्पती-समुदाय: ओळख आणि नोंद, पायरीपायरीने

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात किंवा त्याला लागून असलेल्या कॅनडातल्या ऑन्टारिओत सपाट दलदलीवर ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या ठेंगण्या झाडांची दाटी दिसली, की नवखा माणूस नोंदवहीत ‘बॉग’ असं लिहून मोकळा होतो. ही घाई नडते. ब्लॅक स्प्रूस बॉगमध्ये वाढतो, फेनमध्ये वाढतो आणि खनिज मातीच्या उंच जमिनीवरही वाढतो. समुदाय नेमका कोणता हे पायाखालचं मॉस (जमिनीवर पसरलेलं मऊ शेवाळ) आणि त्यातलं पाणी ठरवतं, त्यामुळे खाली सगळ्यात जास्त जागा त्या दोघांना दिली आहे.

बॉग आणि फेन

दोन्हीकडे पीट असतं, म्हणजे पाण्याखाली हवेअभावी पुरतं न कुजलेल्या वनस्पतींचा थर. फरक आहे तो पाणी येतं कुठून याचा. बॉगचा पृष्ठभाग पीट साचून साचून भूजलाच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. त्याला मिळतं ते फक्त पावसाचं आणि बर्फाचं पाणी, आणि त्यात कॅल्शियमसारखी खनिजं जवळजवळ नसतात. फेनला खनिज मातीतून झिरपून आलेलं पाणी मिळतं, थोडं का होईना. बॉगचा पीएच साधारण ४.२ च्या खाली असतो. ४.२ ते ५.५ या पट्ट्यात (खनिजांनी) गरीब फेन येतात, त्यावर समृद्ध फेन.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या वर्गीकरणात आम्लधर्मी पीटभूमींचा एक स्वतंत्र गट आहे. त्यातला एपीएन८० म्हणजे स्प्रूस बॉग, एपीएन८१ म्हणजे गरीब सूचिपर्णी दलदल, एपीएन९० म्हणजे झाडं नसलेला उघडा बॉग आणि एपीएन९१ म्हणजे गरीब फेन. प्रत्यक्ष जागेवरचं काम बहुतेक वेळा पहिल्या दोघांतला फरक ओळखण्यातच जातं.

निघण्यापूर्वी

हवाई छायाचित्रं आधी नीट बघा. उत्तर मिनेसोटातल्या रेड लेक पीटभूमीतल्या उंचावलेल्या बॉगमध्ये स्प्रूसच्या रांगा माथ्यापासून चहूबाजूंना फाकलेल्या दिसतात, खालच्या उतारावर झाडं नसलेली स्फॅग्नमची (बॉगमधल्या मुख्य मॉसची) पटांगणं असतात आणि दोन बॉगच्या मधून फेनचे पाणमार्ग वाहतात. पाणमार्गात थेंबाच्या आकाराची झाडांची बेटं दिसली, तर त्यांची शेपटी पाणी जातं त्या दिशेला असते. प्रवाहाला आडवे जाणारे पट्टे दिसले तर ते हमखास फेन. इतकं घरबसल्या समजतं, आणि प्लॉट (नोंदीसाठी आखलेला जमिनीचा तुकडा) चुकीच्या जागी पडण्याची निम्मी भीती तिथेच जाते. छायाचित्र शरद ऋतूतलं मिळालं तर उत्तम: टॅमरॅक हा सूचिपर्णी असूनही पानं गाळतो, त्याआधी पिवळाधमक होतो आणि हिरव्या स्प्रूसमधून स्पष्ट वेगळा पडतो.

कामाचा हंगाम जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्ट. त्याआधी गेलात तर एक फसवणूक ठरलेली असते. स्फॅग्नमचे उंचवटे उष्णतारोधक असल्याने त्यांच्या पोटातला बर्फ जूनपर्यंतसुद्धा टिकतो. पीटची खोली मोजायची सळई ४० सेंटिमीटरवर टणक काहीतरी लागून थांबते आणि नोंद होते ‘उथळ पीट’. सळई अडकली तर शेजारच्या खळग्यात पुन्हा खुपसून बघा.

सोबत घ्या: ५० मीटरच्या दोन टेपा, होकायंत्र, जीपीएस, पीएच आणि विद्युतवाहकता मोजणारी मीटर, ४.०१ आणि ७.०० ची बफर द्रावणं, जोडता येणाऱ्या एक-एक मीटरच्या सळया, १०× आणि २०× भिंगं, ५० × ५० सेंटिमीटरची चौकट, मॉससाठी कागदी पाकिटं. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, त्यात मॉसला बुरशी धरते. हातमोजे मात्र हवेतच. स्फॅग्नम हाताळताना कातडीवरच्या ओरखड्यातून स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

एकट्याने जाऊ नये. बॉगमध्ये चारही दिशा सारख्याच दिसतात आणि दाट स्प्रूसमध्ये पन्नास पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. पाय झाडांच्या बुंध्यालगत किंवा उंचवट्यावर टाका, तिथे मुळांची जाळी वजन पेलते. चकचकीत हिरवं, सपाट, झाडझुडूप नसलेलं मॉस म्हणजे बहुधा खाली पाणी. परवानगीचंही आधी बघून घ्या. मिनेसोटात १९९१ च्या पाणथळ संवर्धन कायद्याने १८ पीटभूमींना वैज्ञानिक व नैसर्गिक क्षेत्राचा दर्जा दिला, आणि तिथे परवान्याशिवाय नमुने गोळा करता येत नाहीत.

प्लॉट टाकणं

झाडं असलेल्या जागेसाठी २० × २० मीटरचा चौरस पुरतो. बॉगच्या कडेला, जिथे बाजूच्या जमिनीचं पाणी येऊन मिळतं, त्या ओल्या पट्ट्याला लॅग म्हणतात. तिथे प्लॉट टाकला तर दोन समुदायांची यादी एकत्र होते आणि ती कशाचीच राहत नाही. लॅगपासून, पाणमार्गापासून आणि जुन्या चरांपासून चांगलं आत जा. चरांकडे विशेष लक्ष द्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या आशेने उत्तर मिनेसोटातल्या पीटभूमीत मैलोनमैल चर खणले गेले. शेती फसली, चर राहिले. चराच्या काठाने पाण्याची पातळी खाली गेलेली असते, त्यामुळे तिथले स्प्रूस उंच आणि जोमदार असतात आणि मॉसही वेगळं. लॅग तरी डोळ्याला दिसतो, झुडपांनी झाकलेला चर पाय आत गेल्यावरच कळतो.

चारही कोपरे रोवून झाल्यावर आधी पाणी मोजा, मग यादी करा. तासभर तुडवल्यावर पीटमधलं पाणी ढवळलेलं असतं.

पाणी

खळग्यात हाताने २०-३० सेंटिमीटर खोल खड्डा करा. पहिल्यांदा भरलेलं पाणी उपसून टाका, पुन्हा भरू द्या, गाळ बसू द्या आणि मग मोजा. प्लॉटमध्ये निदान तीन ठिकाणी मोजावं. जोराच्या पावसानंतर लगेच पृष्ठभागावर साचलेलं पाणी मोजण्यात अर्थ नाही, तो पीएच ताज्या पावसाचा निघतो. मॉस पिळून काढलेल्या पाण्याचा आकडा वेगळा येतो, तो घ्यायचाच असेल तर निराळ्या रकान्यात लिहा.

या पाण्यात आयन फार कमी असतात, म्हणून पीएच मीटर पटकन स्थिरावत नाही. आकडा हळूहळू सरकत राहतो. दोन-तीन मिनिटं धीर धरा, पाणी न ढवळता.

विद्युतवाहकतेची खरी मेख पुढे आहे. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन स्वतःच भरपूर वीज वाहून नेतात, आणि कच्चा आकडा पाहून पाण्यात खनिजं आहेत असा गैरसमज होतो. म्हणून त्यांचा वाटा वजा करावा लागतो. २५ अंश सेल्सियसला हा वाटा, मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये, पीएच ५.० ला साधारण ३.५, पीएच ४.० ला ३५ आणि पीएच ३.७ ला ७० येतो. समजा मीटरने ६२ दाखवले आणि पीएच ३.९ आहे. ३.९ ला हायड्रोजनचा वाटा ४४, म्हणजे उरले १८. हे पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या बॉगशी जुळतं. ही वजाबाकी न करता ६२ हाच आकडा पुढे पाठवला, तर कुणीतरी त्याला गरीब फेन ठरवणारच. पीएच ५.५ च्या पुढे वजाबाकी केली काय आणि न केली काय, फरक नगण्य.

पीट

सळई तळाच्या माती-वाळूला टेकेपर्यंत खाली घाला. वाळूची करकर हाताला जाणवते, चिकणमाती सळईला चिकटून वर येते. पीटभूमी म्हणायला ४० सेंटिमीटर जाडी हा कॅनडातला प्रचलित निकष आहे, मुरलेल्या बॉगमध्ये मात्र सळया जोडत जावं लागतं. ग्लेशियल लेक ॲगासिझ या हिमयुगातल्या, आता आटलेल्या सरोवराच्या जुन्या तळावर, जिथे रेड लेक पीटभूमी आहे, पीट साचायला साधारण ५,००० वर्षांपूर्वी सुरुवात झाली.

कुजण्याची पायरी वॉन पोस्ट पद्धतीने ठरवा: एच१ म्हणजे न कुजलेलं, एच१० म्हणजे पुरतं कुजलेलं. मूठभर ओलं पीट घट्ट पिळा. स्वच्छ पाणी आलं तर एच१, गढूळ पाणी येऊन पीट मुठीतच राहिलं तर एच४, एक तृतीयांश पीट बोटांच्या फटींतून निसटलं तर एच६, सगळंच निसटलं तर एच१०. बॉगच्या वरच्या थरात एच१ ते एच३ मिळायला हवं. वरच्या २० सेंटिमीटरमध्येच एच६ लागलं, तर ती जागा कधीतरी वाळली, जळली किंवा चराने उपसली गेली असण्याची शक्यता पडताळून बघा.

झाडं

ब्लॅक स्प्रूसची सुई आखूड, सहसा ६ ते १५ मिलिमीटर, आणि चौकोनी. चिमटीत फिरवली की कडा जाणवतात. बाल्सम फरची सुई चपटी असते, ती फिरत नाही. टॅमरॅकच्या सुया मऊ, जुन्या फांद्यांवर दहा-वीसच्या झुबक्यांत. स्प्रूसची लहान अंडाकृती शंकुफळं शेंड्याकडे गुच्छाने वर्षानुवर्षं लटकत राहतात आणि आगीच्या उष्णतेने उघडून बी सोडतात.

व्यास मोजायला छातीची उंची घ्यायची, पण ती मोजायची कुठून? मॉस दरवर्षी थोडं वर चढतं आणि बुंधा गिळत जातं. बुंध्याजवळचं मॉस हाताने बाजूला करत खाली गेलं, की खोडातून नव्याने फुटलेल्या मुळांचे एकावर एक थर दिसतात आणि मूळची मान (खोड आणि मुळं जिथे मिळतात ती जागा) बरीच खाली सापडते. त्यामुळे मॉसच्या पातळीला बोअर लावून (खोडात पोकळ गिरमिट घालून वर्तुळं मोजून) काढलेलं वय खऱ्यापेक्षा कमी भरतं, कधी कितीतरी वर्षांनी कमी. वय हवंच असेल तर मानेपर्यंत उकरा, नाहीतर ‘किमान वय’ असं स्पष्ट लिहा. व्यासासाठी मॉसचा आजचा पृष्ठभाग हाच शून्य धरा आणि सगळ्या प्लॉटमध्ये तोच नियम ठेवा. मनगटाएवढ्या जाडीचा स्प्रूस शंभरी ओलांडलेला असू शकतो, म्हणून खोडाच्या जाडीवरून वयाचा अंदाज बांधू नये.

रोपं मोजतानाही असाच घोळ होतो. मोठ्या झाडाभोवती कडं करून उभी असलेली ‘रोपं’ बहुतेकदा रोपं नसतात. खालच्या फांद्या मॉसमध्ये गाडल्या जाऊन त्यांना मुळं फुटतात आणि टोक वर वळतं. असं एखादं रोप बुडाशी धरून हलकेच ओढा: आईची फांदी हलली तर तो दाबकलम झालेला फाटा आहे. बियांपासून आलेली आणि फांदीतून आलेली अशी वेगळी मोजणी ठेवा.

एका फांदीवर झाडूसारखा गच्च गुंता दिसला तर तो ड्वार्फ मिसलटो या परजीवीचा उद्योग. अशी झाडं एकत्र मरून मोकळे तुकडे पडतात, ते पाहून जागा उघडा बॉग समजू नका. टॅमरॅक घाऊक मेलेले असतील तर सालीखाली लार्च बीटल या भुंग्याचे बोगदे शोधा.

एक ढोबळ इशारा धरायला हरकत नाही: स्प्रूस १० मीटरच्या वर, सरळ आणि दाट असतील, किंवा टॅमरॅकचं प्रमाण मोठं असेल, तर खनिजयुक्त पाणी कुठूनतरी पोचत असावं. पण इशारा म्हणजे निकाल नव्हे.

चार झुडपं

चौघंही एकाच एरिकेसी कुळातली, सदाहरित, गुडघ्याएवढी आणि लांबून एकसारखी. फुलं मे-जूनमध्ये येतात. एरवी पानावरच भागवावं लागतं, म्हणून पान उलटून बघायची सवय लावा. लॅब्राडोर टीच्या पानाच्या कडा खाली वळलेल्या आणि खालची बाजू तांबूस लोकरीने भरलेली, अगदी कोवळं पान असेल तर पांढुरकी. चुरगळल्यावर उग्र वास येतो. बॉग लॉरेलची पानं समोरासमोर जोडीने येतात, डहाळी दुधारी, पानाखाली पांढरं. बॉग रोझमेरीही खालून पांढरी, पण पानं एकाआड एक आणि वरून निळसर झाक असलेली. लेदरलीफच्या पानाला कडा वळलेली नसते, खाली बारीक खवल्यांचे ठिपके असतात आणि फुलोऱ्याच्या टोकाकडे पानं लहान लहान होत जातात. लॉरेल आणि रोझमेरी दोन्ही विषारी आहेत. लॅब्राडोर टीचा चहा करतात म्हणून कुणी शेजारचीही पानं तोडायला निघालं, तर त्याला थांबवा.

सावलीत लॅब्राडोर टी वाढतो, उजेडात लेदरलीफ. दोघांच्या आच्छादनाची तुलना केली की स्प्रूसचं छत्र किती मिटलंय याचा अंदाज येतो.

लव्हाळे आणि कीटकभक्षी

हा थर विरळ असतो. खऱ्या बॉगच्या प्लॉटमध्ये मॉस आणि लायकेन (दगडफूल) सोडून सगळ्या वनस्पतींच्या जाती बहुतेकदा विसाच्या आतच निघतात, त्यामुळे यादी आखूड आली म्हणून घाबरू नका. स्प्रूसच्या सावलीत कॅरेक्स ट्रिस्पर्मा हा केसासारखा बारीक, लोळणारा लव्हाळा मिळतो. त्याची दोन-तीन इवली कणसं एकमेकांपासून लांब लांब असतात. मोकळ्या जागी कॉटन ग्रासचे गच्च ठोंब आणि तारेसारख्या पानांचा कॅरेक्स ऑलिगोस्पर्मा. मॉसवर पसरणारी बारीक क्रॅनबेरी जवळपास सगळीकडे.

सॅरासेनियाचे कलश किंवा दवबिंदू (ड्रोसेरा) या कीटकभक्षी वनस्पती दिसल्या की ‘हा तर बॉगच’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. दोन्ही फेनमध्येही तितक्याच आनंदाने वाढतात. नायट्रोजनची टंचाई दोन्हीकडे असते, आणि किडे खाऊन ती भागवण्याला पीएचची अट नसते. बॉगची ओळख खरं तर काय *नाही* यावरून पटते. ठेंगणा बर्च, अल्डर, कॅरेक्स लॅसिओकार्पा, तीन पानांचा बकबीन, उत्तरेचा पांढरा सीडर यांपैकी काही प्लॉटभर विखुरलेलं असेल तर बॉग हे नाव खोडा.

मॉस

इथे अर्धा दिवस राखून ठेवा. चौकट नजरेला आवडेल तिथे टाकली तर ती नेहमी उंचवट्यावरच पडते, कारण तिथे बसायला कोरडं असतं. म्हणून दोन्ही कर्णांवर ठरावीक अंतराने दहा चौकटी टाका, पडतील तिथे. प्रत्येक चौकटीत जागा उंचवटा, मधला सपाट भाग की खळगा, आणि पाण्याच्या पातळीपासून किती उंच, हे लिहा. नंतर मॉसच्या प्रत्येक जातीचं टक्क्यांत आच्छादन.

उंचवट्याच्या माथ्यावर स्फॅग्नम फस्कम: डोकी (शेंड्यावरचे झुबके) लहान, गच्च, तपकिरी, आणि डोकं चिमटून काढल्यावर आतला देठही गडद तपकिरी. हा देठ बघितल्याशिवाय फस्कम लिहू नये. उंचवट्याच्या उतारावर कॅपिलिफोलियम आणि रुबेलम: पहिल्याचं डोकं फुगीर अर्धगोल, दुसऱ्याचं चपटं, पाच टोकांच्या चांदणीसारखं. मधल्या भागात मॅगेलॅनिकम गट, जाडजूड, फांद्यांवरची पानं होडीसारखी खोल. खळग्यात आणि सावलीच्या सपाट भागात फिकट हिरवं-पिवळं अँगुस्टिफोलियम.

रंगावर विसंबू नका. लालबुंद होणाऱ्या जाती स्प्रूसच्या सावलीत सरळ हिरव्या राहतात, आणि नेमक्या अशाच प्लॉटमध्ये आपण काम करत असतो. डोक्याचा आकार, देठाचा रंग आणि पानाची खोली हे तीन निकष सावलीतही टिकतात. जुन्या याद्यांशी तुलना करताना आणखी एक भान हवं: २०१८ मध्ये मॅगेलॅनिकमची फोड झाली, ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या जातीपुरतं उरलं आणि उत्तर गोलार्धातल्या मॉसला डिव्हिनम आणि मीडियम ही नावं मिळाली. सूक्ष्मदर्शकाशिवाय या दोघांत निवड करता येत नसेल तर ‘मॅगेलॅनिकम गट’ लिहिणं प्रामाणिकपणाचं.

कोरड्या उंचवट्यावर, झाडांच्या बुंध्याशी लाल देठाचं प्ल्युरोझियम पसरतं. त्याचं आच्छादन स्फॅग्नमच्या बरोबरीला आलं तर छत्र दाट झालंय किंवा पाणी खाली गेलंय. पॉलिट्रिकम स्ट्रिक्टम आणि क्लॅडोनिया लायकेन वाळलेल्या माथ्यांवर. उलट, खळग्यांत तपकिरी स्कॉर्पिडियम सापडलं तर तुम्ही बॉगमध्ये नाहीच, समृद्ध फेनमध्ये उभे आहात.

स्फॅग्नम हा केवळ रहिवासी नाही. तो पाण्यातले कॅल्शियमसारखे आयन शोषून बदल्यात हायड्रोजन सोडतो, म्हणजे आजूबाजूचं पाणी स्वतःच आंबट करतो, आणि कोरड्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मॉसची टक्केवारी बदलली की बाकीचं सगळं बदलणार, हे आधी कळतं. मिनेसोटातल्या मार्सेल प्रायोगिक वनातल्या स्प्रूस बॉगवर ‘स्प्रूस’ याच नावाचा प्रयोग उभारला गेला. तिथे वरून उघड्या कक्षांत तापमान नऊ अंशांपर्यंत वाढवल्यावर स्फॅग्नम घटला आणि झुडपं वाढली.

नाव देणं

आता सगळे रकाने शेजारी मांडा. पीएच ४.२ खाली, दुरुस्त वाहकता कमी, फेनच्या वनस्पती नाहीत, उंचवट्यांवर फस्कम आणि खाली अँगुस्टिफोलियम-मॅगेलॅनिकम, वर ठेंगणे स्प्रूस: एपीएन८०. पीएच ४.२ च्या वर, टॅमरॅक बराच, ठेंगणा बर्च विखुरलेला: एपीएन८१. सीडर आणि अल्डर असतील तर आम्लधर्मी गटच सोडून समृद्ध जंगली पीटभूमीकडे वळा.

पुरावे भांडले तर? पीएच ४.३ आला, पण फेनची एकही वनस्पती नाही, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी झुकतं माप वनस्पतींना द्यावं. पाण्याचा आकडा त्या दिवसाचा असतो, मॉस आणि लव्हाळे कित्येक वर्षांची सरासरी सांगतात. उलट बाजूने, फेनचा एकच ठोंब चराच्या तोंडाशी सापडला तर त्याच्यासाठी अख्ख्या प्लॉटचं नाव बदलू नका. तो शेऱ्यात लिहा.

युरोपात हीच पद्धत चालते, पात्रं बदलतात. तिथे स्प्रूसच्या जागी बहुधा स्कॉट्स पाइन, आणि युरोपीय संघाच्या अधिवास-यादीत अशा जंगलांचा संकेतांक ९१डी० आहे. स्फॅग्नमच्या जाती बऱ्याच अंशी त्याच.

पुन्हा मोजायचं असेल तर

कोपऱ्यांना लाकडी खुंट्या रोवू नका. गोठण्या-वितळण्यात त्या वर फेकल्या जातात, आणि उरल्या तर मॉस त्यांना झाकून टाकतं. पीव्हीसी पाइप तळाच्या खनिज मातीपर्यंत खाली घाला आणि वर निदान ५० सेंटिमीटर ठेवा. मॉसच्या वाढीसाठी गंज न चढणारी वाकडी तार उंचवट्यात खोचा, वर उरलेली लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. दरवेळी आत जायला तीच वाट वापरली तर दोन-तीन हंगामांत तिचा ओढा होतो, म्हणून चौकटींपर्यंत फळ्या टाका आणि काम झालं की त्या उचलून न्या. पाकिटांतलं मॉस त्याच संध्याकाळी उघडून वाळत घाला. प्लॉट, चौकट आणि तारीख पाकिटावर पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने फुटते.